खंडेनवमीला बसवलेलं टायमिंग

नीलम वडगावच्या गल्लीत शिरली आणि गाडीचं तोंड बघूनच तिचं डोकं फिरलं.

परवा ती गेली तेव्हा गुंडू आप्पांची फियाट भिंतीकडं तोंड करून उभी होती. आज ती पूर्वेकडं बघत होती. गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना ऊस बांधलेला, काचेवर हळदीची बोटं, चारी चाकांखाली लिंबू. पुढं फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी कुंकवात लाल झालत्या. गाडी नवरीसारखी नटून बसलीवती, पण तिचा जीव नीलमच्या काखेतल्या पिशवीत होता. त्या पिशवीत गाडीचा डिस्ट्रिब्युटर होता. चार प्लगना पाळीपाळीनं करंट वाटतो तो. वाटणाऱ्याची पाळी चुकली की इंजिन नुसतं खोकत बसतं.

"गाडी कुणी हलवली?" नीलमनं दारातनंच आवाज चढवला.

आप्पांचा नातू अमृत पायरीवर बसून चुरमुरे खात होता. "आम्हीच. पूजंला पूर्वेला तोंड पायजे म्हणून आजी ओरडालती. सहाजण लागलो, भुर्र गेली."

"न्यूट्रल केलतासा?"

"न्यूट्रल कशाला? टॉपलाच होती. हँडब्रेक धरत न्हाय म्हणून आप्पा टॉपला टाकून ठेवत्यात. जरा जड गेली, पण गेली की."

नीलमनं डोळे मिटले आणि उघडले. गिअरमध्ये गाडी ढकलली म्हणजे आतलं इंजिन फिरलं. ज्या जागेवर तिनं ते थांबवून ठेवलंवतं, ती जागा गेली. तरी एक आशा होती. डिस्ट्रिब्युटर काढताना तिनं पांढऱ्या रंगाच्या खुणा मारल्यावत्या. इंजिन फिरलं तरी खुणा असल्या की वाट सापडते. तिनं बोनेट उचललं.

इंजिन लख्ख होतं. एवढं लख्ख की त्यात तिला स्वतःचं नाक दिसलं.

"कसं आरशागत झालंय बघ गं," नागुबाई आजी कौतुकानं मागं येऊन उभी राहिली. "शिकेकाई लावून, काथ्यानं घासलंय मी. कुठं कुठं पांढरे डाग पडलेवते, ते पण काढले. लई चिवट होते बाई."

नीलमनं बोनेटच्या कडेला धरलं. एरवी तिनं काय तरी बोलून टाकलं असतं. नववीत सरांनी फेकलेला डस्टर तिनं परत सरांवरच फेकलावता आणि दप्तर उचलून घरी आलती, ती पुन्हा शाळेत गेलीच नव्हती. पण आजीनं तिच्या हातावर पेढा ठेवला. पेढा हातात घेऊन भांडता येत नाही.

एवढ्यात आप्पा बाहेर आले. धोतर, वर नवा शर्ट, कपाळावर भंडारा. वडगावात सहा मागांचे मालक, पण बोलणं नेहमी हळू.

"नीलम, उद्या चालंल न्हवं?"

खरा प्रश्न हाच होता. दसऱ्याला गल्लीची पालखी सीमोल्लंघनाला निघायची आणि पालखीमागं आप्पांची फियाट. गाडी घेतल्यापासनं हा मान कधी चुकला नव्हता. गेल्या वर्षी मात्र ती रेल्वेच्या पुलावर बंद पडली आणि टेम्पोला दोरीनं बांधून ओढत न्यावी लागली. गल्लीतली पोरं अजून आप्पांना बघून दोरी ओढल्याचा हावभाव करायची. म्हणून यंदा आप्पा कंग्राळीच्या वाटेवरच्या भरमू मिस्त्रीच्या गॅरेजला गेले. भरमू हा नीलमचा मामा. त्यानं सगळ्या पोरांसमोर पानाची पिंक टाकून सांगितलं, "ही गाडी नीलमच्या नावावर. चालली तर हिची, बंद पडली तरी हिचीच." गॅरेजात पोरगी म्हणून तिला आजवर पंक्चर आणि ऑइल, एवढंच मिळायचं. ही तिची पहिली गाडी होती. ही पुलावर बसली असती तर दुसरी मिळणार नव्हती.

"चालंल की आप्पा," नीलम म्हणाली. "चालंल म्हणजे काय, पळंल."

मग तिनं बाजूला जाऊन मामाला फोन लावला. मागं हलगी वाजत होती.

"मामा, पान्यांचा डबा पाठव की कुणाकडनं तरी."

"पाने पूजेत बसल्यात."

"मग उचल की."

"उचल की? येडी का काय गं तू? खंडेनवमीला मांडलेलं हत्यार कोण उचलतंय व्हय? उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"उद्या पाने हातात येतील आनि पालखी दारात येईल, दोन्ही एकाच टायमाला! काय चुकलं तर निस्तरायचं कवा?"

"मग चुकू नको," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

आप्पांच्या घरात तरी काय असंल म्हणून ती आत डोकावली. एरवी या गल्लीत मागांच्या खटखटाटानं शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आज सगळे माग गप्प, प्रत्येकाला हार. पुढं पाटावर आडवा दोरा नेणारे-आणणारे धोटे, कात्री, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं हळदी-कुंकू लावून ओळीनं झोपवलेलं. गाडी फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल तेवढं दिसेना म्हणून तिनं बघितलं, तर ते समईच्या बाजूला, आडवं, वर शेवंतीचं फूल.

"हँडल तरी द्या की आजी. ते काय हत्यार न्हाय, गाडीचं हाय."

"फूल वाहिलंय," नागुबाई म्हणाली. नीलमनं हात मागं घेतला.

अमृत दारात हसत उभा. "मिस्त्रीनबाई, आता कसं? नखांनी आवळणार काय?"

नीलमनं त्याच्याकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडं, वरनं खालपर्यंत, जसं बाजारात बैल बघतात तसं.

"सहाजण होतासा न्हवं तुम्ही?"

"व्हय."

"बोलव सगळ्यांना. चुरमुरे खाऊन झाले असतील तर."

तिच्या डोक्यात वाट दिसलीवती. प्लग साफ करून तिनं परवा हातानंच फिरवून बसवलेवते, पक्के आवळायचे राहिलेवते, म्हणजे ते बोटांनी निघणार. डिस्ट्रिब्युटर वरनं सरळ आत बसतो, त्याला ताकद लागत नाही. त्यातले उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट गॅरेजातच नवे लावलेवते. राहिलं इंजिन फिरवायचं. पोरांनी गाडी ढकलून इंजिन फिरवलं आणि घोळ केला. मग तसंच ढकलून ते जागेवर आणता पण येईल.

तिनं चारी प्लग बोटांनी काढून पदरात घ्यावेत तसे ओढणीत घेतले. आप्पांना स्टिअरिंगवर बसवलं. त्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवायची तिची छाती नव्हती. "टॉपलाच ठेवा आप्पा. ब्रेकवर पाय, मी थांबा म्हटलं की दाबा."

एक नंबरच्या प्लगचं भोक पुढच्या बाजूला. त्यावर तिनं अंगठा गच्च दाबून धरला आणि अर्धी बोनेटमध्ये वाकली.

"ढकला. हळू! लग्नाची वरात हाय असं समजून."

"कुणाच्या लग्नाची?" मागनं एकजण म्हणाला.

"तुझ्या न्हवं, तुला कोण देणार हाय. ढकल!"

गाडी हलली. आत पिस्टनचा दट्ट्या वर येऊ लागला. पहिल्यांदा नुसतं गार वारं अंगठ्याला लागलं. ते नव्हे. दट्ट्या दोनदा वर येतो. एकदा धूर बाहेर टाकायला, एकदा हवा दाबायला. ठिणगी पडायची ती हवा दाबल्यावर. नुसता वर आलाय म्हणून भुललं की सगळं उलटं बसतं आणि गाडी कार्बोरेटरमधनं फटाके फोडते. अजून हातभर गाडी पुढं गेली आणि अंगठ्याखाली जोर आला. एवढा जोर की फुस्स करून अंगठा उचलला गेला.

"आला! हळू, हळू... आता बोटभर... बोटभर म्हटलं, हातभर न्हवं!"

खाली पुलीवर एक खाच असते, ती इंजिनाच्या अंगावरच्या टोकाला यायला पाहिजे. काळ्यावर काळं, खाच दिसेना. नीलमनं समोरच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेऊन खाचेत दाबलं.

"पूजेचं कुंकू गं ते!" नागुबाई ओरडली.

"सकाळी तुम्हीच सगळ्या गाडीला लावलासा की आजी. एक जागा राहिलीवती."

गल्ली हसली. आता दारादारात माणसं उभी राहिलेली. पण तेवढ्या हसण्यात मागच्या पोरांनी एक धक्का जास्त दिला आणि लाल खाच टोकाच्या पुढं निघून गेली.

"म्हशी राखायच्या लायकीचे न्हवंत तुम्ही!" नीलम बोनेटमधनंच कडाडली.

"मग तूच ये ढकलायला!" अमृत म्हणाला. "सकाळपासनं हीच रड हाय. शाळेत टिकली न्हाय ती गाडीत टिकणार व्हय!"

तिच्या कानशिलात रक्त चढलं. मामानं शिकवलेलं एक काम इथं करायला पाहिजे होतं. पुढं गेलं की मागं ओढायचं नाही. पूर्ण फेरा घेऊन पुन्हा पुढनंच यायचं. पण रागाला फेरा घ्यायला सवड नसते. "मागं ओढा," ती म्हणाली. "बास. थांबा."

खाच टोकाला आली. तिनं डिस्ट्रिब्युटर आत सोडला. वरचा फिरता काटा, रोटर, एक नंबरच्या वायरीकडं बघायला पाहिजे. पहिल्यांदा तो दाताला दात लागून जरा बाजूला बसला. तिनं काढून एक दात फिरवून पुन्हा सोडला. बसला. पॉइंटची फट मोजायला पत्ती गॅरेजात पूजेला. पण मागाजवळ जकार्डाच्या पुठ्ठ्याचा तुकडा पडलावता, साडीवर नक्षी पाडायला भोकं पाडतात त्यातला. तो फटीत सरकवला. अडखळत गेला, म्हणजे फट बरोबर.

मग गाडीच्याच पुढच्या दिव्यातला बारका बल्ब काढून त्याला दोन वायरी पिळल्या. एक टोक डिस्ट्रिब्युटरला, एक इंजिनाच्या अंगाला. "आप्पा, चावी फिरवा. चालू करू नका, नुसती फिरवा."

तिनं डिस्ट्रिब्युटर दोन्ही हातांत धरून केसभर, केसभर फिरवला. पॉइंट उघडतात त्या क्षणाला बल्ब लागतो, आणि तीच ठिणगीची वेळ. नागुबाई पण वाकून बघू लागली. बल्ब लागला.

"लागला गं बाई!" नागुबाईनं चक्क टाळी वाजवली.

नीलमनं बोटांनी होईल तेवढा नट आवळला, प्लग बसवले, कॅप घातली, वायरी एक-तीन-चार-दोन अशा लावल्या. "मारा स्टार्टर."

गाडी एकदा कण्हली, दोनदा कण्हली आणि चालू झाली.

गल्लीत एकच गलका उठला. हलगीवाल्यानं हलगी उचलली. नागुबाई धावत जाऊन आरती घेऊन आली, बोनेट मिटून वर हार घातला, गाडीला ओवाळलं, नीलमला ओवाळलं, नारळ फोडला. आप्पांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले. अमृतनं सुद्धा मान हलवली. "मानलं रं बाबा," तो हळूच म्हणाला.

नीलम तेवढी हसली नाही.

ती बोनेटवर हात ठेवून उभी होती. इंजिन चाललंवतं, पण आवाजाला धार नव्हती. तिनं आप्पांना ॲक्सिलरेटर दाबायला लावला. इंजिन चटकन उठलं नाही. जेवून पडलेल्या माणसाला हाक मारावी तसं आधी कुरकुरलं आणि मग उठलं. मागं सायलेन्सर भुडभुड करत होता. पाइपाजवळ हात नेला तर एवढ्यातच चटका. ठिणगी उशिरा पडत होती.

का, ते तिला लगेच कळलं. मागं ओढलं तिथंच. जुनी गाडी, डिस्ट्रिब्युटरला फिरवणारी आतली साखळी ढिली. पुढनं येताना साखळी ताणलेली असते, मागं ओढलं की ढिलाई उलट्या बाजूला जाते. बाहेर खाच बरोबर दिसते, पण आत डिस्ट्रिब्युटर वेगळ्याच जागी असतो. बल्ब खोटं बोलला नव्हता. घाई तिनं केली होती.

सपाटीला ही गाडी चालली असती. मैदानापर्यंत सुद्धा गेली असती कदाचित. पण वाटेत रेल्वेचा पूल होता. आप्पा, आजी, मागं चार माणसं, पुढं मुंगीच्या पावलानं चालणारी पालखी, आणि तो चढ.

"आप्पा, बंद करा."

"का गं?"

"टायमिंग उशिरा हाय. परत लावायला पायजे."

हलगी थांबली. आप्पांचं तोंड उतरलं. "चालालीया की बाई. ओवाळलेली गाडी, आता बोनेटला हात लावू नको."

"बाई स्वतःच मोडत्यात, स्वतःच जोडत्यात," अमृत म्हणाला. "आम्ही न्हाय ढकलणार आता. हात धुतले आम्ही."

नीलमच्या जिभेवर चार शब्द आले. चारी चांगले तिखट होते. तिनं ते गिळले. असलं काही तिनं जन्मात गिळलं नव्हतं.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण हळू बोलायला तिला येतच नव्हतं. "तुमच्यावर चिडून गाडी मागं ओढायला लावली मी. मागं ओढायची नसती. परत पुढनं यायला पायजे."

कुणी हललं नाही. मग ती आप्पांच्या खिडकीशी गेली.

"आप्पा, एक सांगा. माग चालू हाय, सगळं फिरालंय, पण धोटा जरा उशिरा सुटालाय. काय हुतंय?"

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. बोलायला त्यांना वेळ लागला नाही. "कापड निघतंय. पण ठोका चुकतोय. दोरा तुटतोय, न्हायतर धोटा मधीच अडकून सगळा ताणा फाडतोय."

"तुम्हाला कसं कळतंय?"

"आवाजानं. झोपेत सुद्धा कळतंय."

"मग मला पण आवाजानंच कळलंय."

आप्पा पुढं वाकले. कान देऊन आपल्या गाडीचं इंजिन ऐकू लागले. इतकी वर्षं त्यांनी गाडी चालवली होती, पण मागासारखी ऐकली नव्हती. भुडभुड, भुडभुड. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच चावी फिरवून गाडी बंद केली, खाली उतरले, बोनेटवरचा हार काढून नागुबाईच्या हातात दिला आणि बोनेट उचललं.

"अमृत," ते नेहमीसारखंच हळू म्हणाले. "हात परत धुता येतील."

आप्पा परत स्टिअरिंगवर बसले, पोरं मागं लागली. नीलमनं गरम प्लग ओढणीत धरून काढले, अंगठा ठेवला. ह्यावेळी कुणी विनोद केला नाही. गाडी पुढं सरकली, वारं आलं, गेलं, मग दाब आला. लाल खाच दिसू लागली. "अजून... अजून... मुंगीएवढं..." पोरं श्वास धरून ढकलत होती. खाच टोकाला लागली. "बास!" आप्पांचा ब्रेक त्याच क्षणी दाबला गेला.

बल्ब जोडला. तो लागलाच नाही. खाच टोकाला येऊन उभी होती आणि पॉइंट अजून मिटलेलेच होते. नीलमनं डिस्ट्रिब्युटर केसाकेसानं एका अंगाला फिरवला. लागला. बोट काढलं तरी लागलेलाच. तिनं जागेवर कुंकवाची रेघ मारली. "ही रेघ उद्या पालखी येईपर्यंत कुणी शिकेकाईनं धुवायची न्हाय आजी."

"न्हाय गं बाई," नागुबाईनं कान धरले.

स्टार्टर मारला. ह्यावेळी गाडी कण्हली नाही. पहिल्याच फेऱ्याला धरली आणि असा गुळगुळीत, भरीव आवाज आला की गलका करायचं सुद्धा कुणाला सुचलं नाही. नीलमनं तार ओढली. इंजिन हाक मारायच्या आत उठलं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. "ठोका बसला," ते म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याझाल्या भरमू मामानं हळदीनं पिवळा झालेला पाना तिच्या हातात दिला, आणि ती पळत येऊन नट, प्लग सगळं पक्कं आवळून गेली. दुपारी पालखी निघाली. मामा फियाटच्या बाजूनं पायी चालला, खांद्यावर टॉवेल, कान बोनेटकडं. नीलम आप्पांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. ती जागा आजीची होती. आजी स्वतःहून मागं गेली होती.

पुलाच्या निम्म्या चढावर पालखी थांबली. आरतीला माणसं आली, पुढं लेझीम अडली. मागं गाड्यांची रांग लागली. आप्पांनी क्लच गच्च दाबून धरला, कपाळावरचा भंडारा घामानं ओला झाला. गेल्या वर्षी इथंच.

"भ्या कशाला?" नीलम म्हणाली. "हळूच सोडा. ती उचलंल."

पालखी हलली. आप्पांनी क्लच सोडला. आत भरलेली सहा माणसं, कडेचे ऊस, डिकीतला आपट्याच्या पानांचा बिंडा, सगळं घेऊन फियाटनं चढ उचलला. एकदा सुद्धा कण्हली नाही. पुलाच्या माथ्यावर आली तेव्हा अमृत आणि पोरं बाजूनं पळत शिट्ट्या मारत होती. दोरी ओढल्याचा हावभाव कुणी केला नाही.

उतारावर एक दाढीवाले गृहस्थ गर्दीतनं वाट काढत मामाजवळ आले. खानापुराकडचे दिसत होते. "मिस्त्री, फियाट तुम्ही केलासा? आवाज लई गोड हाय. गुंजीला माझी जुनी ॲम्बेसेडर पडून हाय. कुणाला टायमिंग लागंना झालंय. बघतासा काय?"

भरमू मामानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि अंगठ्यानं गाडीकडं दाखवलं.

"मला काय विचारतासा? मिस्त्री आत बसलीया."

गृहस्थांनी वाकून खिडकीतनं बघितलं. आत सतरा वर्षांची पोरगी, नाकावर ग्रीसचा डाग, मांडीवर झेंडूचा हार.

"तुम्ही?" ते म्हणाले.

"मीच," नीलम म्हणाली. "परवा आणा. उद्या झोपणार हाय मी."